आबांना सोबत न्या, आणि थांबे कमी करा

प्रश्न : मी धुळ्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. पुण्याच्या भाच्याने दिवाळीत जिओकॅशिंग, म्हणजे फोनच्या मदतीने लपवलेले डबे शोधायचा खेळ, दाखवलं आणि मला त्याचा नादच लागला. आता डिसेंबरातल्या एका रविवारी घरचे आणि शेजारचे मिळून बारा जण, तीन गाड्या घेऊन निघायचं म्हणतोय. सगळ्यात लहान पुतणी नऊ वर्षांची, सगळ्यात मोठे माझे सासरे, म्हणजे आबा, अडुसष्ट वर्षांचे. यादी केली आहे ती अशी : लळिंगचा किल्ला, पारोळा, पद्मालय, चांगदेव आणि पाटणादेवी. पण ॲपवर आमच्या बाजूला डबे मोजकेच दिसतात. मिस्टर म्हणतात, एवढी माणसं घेऊन झाडाझुडपांत डबे शोधत हिंडलो तर गावकरी हाकलून देतील. आणि आबांचे गुडघे दुखतात, ते गाडीत बसून कंटाळतील, त्यांना घरीच राहू दे. आबा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं धुळे-चाळीसगाव मार्गावर. त्यांची यायची फार इच्छा आहे. माझं माहेर मेहुणबाऱ्याकडचं, तिथे भावाचं शेत आहे. काय तयारी करू?
– एक वाचक, धुळे

ताई,

आधी आबांचं. त्यांना न्याच. गुडघे दुखतात म्हणून नाइलाजाने गाडीत बसवायला नव्हे, तर तुमच्या बारा जणांत ज्या माणसावाचून दिवस अडेल तो माणूस म्हणून. का, ते पुढे येईलच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवायचा. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला बंद केली, आणि सामान्य माणसालाही जागा नेमकी कळू लागली. पाठोपाठ ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा लपवला. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला. आपल्याकडे अजून तो थोड्यांनाच ठाऊक आहे, म्हणून तुमच्या पत्राचा मला मनापासून आनंद झाला.

आता तुमची यादी. ती नकाशावर मांडा आणि आजच कापा. चांगदेव तापी-पूर्णेच्या संगमावर, भुसावळच्याही पुढे. पाटणादेवी चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. एका दिवसात दोन्ही टोकं गाठायची तर दिवस गाडीच्या काचेतूनच बघावा लागेल. बारा माणसांचा एक थांबा म्हणजे उतरणं, पाणी, कुणाची चप्पल, कुणाची टोपी, शोध, वहीत नोंद, पुन्हा मोजून चढणं. यात तास सहज जातो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. सकाळी सातला निघालात तरी जेवण आणि प्रवास वजा जाता चार थांब्यांइतकाच दिवस हाती उरतो. वाटेतले लहान-मोठे मिळून चारच ठेवा.

माझं मत विचाराल तर पूर्वेची दिशा यंदा सोडूनच द्या. धुळे, मेहुणबारे, चाळीसगाव, पाटणादेवी आणि त्याच वाटेने परत. धुळ्याहून चाळीसगाव पन्नास-साठ किलोमीटर, तिथून पाटणादेवी अठरा-वीस. वाटेत तुमच्या भावाचं शेत आहे, आणि हा सगळा आबांचा रस्ता आहे. लळिंग, पारोळा, पद्मालय आणि चांगदेव पुढच्या वर्षीसाठी ठेवा, ते कुठे जात नाहीत.

मिस्टरांची शंका खरी आहे आणि तिच्यावर नीट बोलायला हवं. या खेळात असा शिरस्ता आहे की न खेळणाऱ्यांच्या नजरेत न येता शोधायचं, म्हणजे नंतर कुणी डबा पळवत नाही. मोठ्या शहरातल्या बागेत ते जमतंही. आपल्या शिवारात ते जमत नाही. धुळे पासिंगच्या तीन गाड्या बांधाला लागल्या आणि बारा माणसं फोन हातात धरून निंबाच्या झाडाभोवती फिरू लागली, की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन विचारणारच, “काय शोधी ऱ्हायनात भाऊ?” त्या वेळी तुम्ही “काही नाही, असंच” म्हणालात की संशय पक्का झाला. गुप्तधन काढणारे, जमिनीचे दलाल, पोरं पळवणारे, माणसाच्या मनात काय वाटेल ते येतं, आणि अशा संशयातून काही ठिकाणी निरपराध माणसांना जिवानिशी जावं लागलं आहे. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

म्हणून लपू नका. गावात शिरल्यावर आधी चहाच्या टपरीवर किंवा पारावर थांबा, राम राम घाला, आपण कोण, कुणाचे, कुठून आलो ते सांगा. हे काम आबांचं. ज्या माणसाने इतकी वर्षं त्या मार्गावर तिकिटं फाडली, त्याला गावोगावची आडनावं, नातीगोती, कुणाचा पोरगा कुठे नोकरीला लागला हे तुमच्या ॲपपेक्षा जास्त माहीत असणार. त्यांनी दहा मिनिटं बसून बोलणं केलं की बाकीच्यांना मोकळेपणी फिरता येईल, आणि गुडघ्यांनाही त्रास नाही. फोनवर खेळाची माहिती दाखवा, लहान पोरांना पुढे करा. शेतात पाय टाकण्याआधी मालकाला विचारा. कापूस वेचणीचे दिवस आहेत, बाया कामात असतात, फुटलेल्या बोंडांतून वाट काढत जाऊ नका. एवढं मात्र पाळा : खेळ काय आहे ते सगळं सांगा, डब्याची नेमकी जागा दाखवू नका. डबा परत ठेवताना आसपास कुणी नसेल असं बघा.

पोलिसांचंही असंच. पूल, धरण, रेल्वेची हद्द, गर्दीचं देऊळ, बाजार, अशा ठिकाणी बेवारस डबा म्हणजे घबराट. तिथे स्वतः काही लपवायचं नाहीच. ॲपवर तसा डबा दिसला तरी बारा जणांनी तिथे घुटमळू नका. मेहुणबाऱ्याला गिरणेच्या पुलावर गाड्या थांबवायचा मोह होईल. नदी बघायचीच असेल तर गाड्या गावात लावा आणि पायी जा.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. तारीख पक्की करण्याआधी वन विभागाच्या चाळीसगाव कार्यालयात चौकशी करा : प्रवेश किती वाजेपर्यंत, शुल्क किती, कुठली पायवाट बंद आहे. जंगलात डबा लपवायचा नाही, चूल पेटवायची नाही, वेळेआधी बाहेर पडायचं. तिथे बिबट्या आहे. महादेवाचं जुनं मंदिर आणि लेणी यांच्या दगडात, फटीत काहीही खोचायचं नाही, चिकटवायचं नाही, खडूची खूणसुद्धा नाही.

मग तिथे खेळायचं काय? डब्याविना खेळायचं. या खेळात असाही प्रकार आहे की ठरलेल्या जागी पोचून तिथे जे दिसतं त्यावरून उत्तर द्यायचं. भूशास्त्राच्या ठिकाणांसाठी तर त्याचा वेगळा वर्गच आहे आणि त्यात डबा नसतोच. पाटणादेवीला हे फार छान जमेल. समोरच्या कड्यात बेसाल्टचे आडवे थर चढत गेलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हापुन्हा पसरला, त्याचे ते थर. मुलांना विचारा : किती थर मोजता येतात? झाडं कुठल्या थरांवर जास्त उगवली आहेत आणि का? तुम्ही भूगोलाच्या बाई आहात, प्रश्न माझ्यापेक्षा चांगले काढाल.

आणि भास्कराचार्यांना विसरू नका. त्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, असं पाटणादेवीजवळच्या पाटण गावच्या शिलालेखात आहे. मुक्ताईनगरजवळच्या चांगदेवाशी या चांगदेवाची गल्लत करू नका. एक कोडं आत्ताच सुचलं ते देऊन टाकते : भावाच्या शेतात तुम्ही स्वतः लपवाल त्यांतल्या शेवटच्या डब्याच्या अक्षांशातले अखेरचे तीन अंक झाकून ठेवा आणि मुलांना सांगा, भास्कराचार्यांच्या जन्मसालातून हजार वजा करा. ज्याला साल सापडेल त्याला ११४ मिळेल. नेमके हेच अंक भावाच्या शेतात येतील असं नाही, म्हणून ११४ मध्ये किती मिळवायचे किंवा वजा करायचे तो आकडाही मुलांना देऊन ठेवा.

आकड्यांवरून आठवलं. तयारीतली सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक गोष्ट हीच, आणि बहुतेक गट इथेच फसतात. खेळाच्या ॲपमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश-मिनिटांत असतात. समजा उत्तर अक्षांश २० अंश २७.५०० मिनिटं असं लिहिलं आहे. ही जागा चाळीसगावच्या आसपासची. कुणी घाईत गाडीच्या नकाशात २०.२७५०० असं टाकलं की नकाशा ते नुसते अंश समजतो आणि तुम्हाला सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला, घाटाच्या पलीकडे कन्नडच्या बाजूला नेतो. कुणी ते २७ मिनिटं ५० सेकंद असं वाचलं तर सहाशे मीटरची चूक, म्हणजे भलत्याच माणसाचं शेत. म्हणून आदल्या रात्री तिन्ही गाड्यांच्या फोनमध्ये प्रत्येक थांबा एकदा टाकून बघा आणि तिन्ही खुणा एकाच जागी पडतात का ते ताडून घ्या. नकाशे आणि डब्यांची माहिती ऑफलाइन उतरवून ठेवा, डोंगराच्या कुशीत रेंजचा भरवसा नाही. थांब्यांची यादी कागदावर लिहून प्रत्येक गाडीत एक प्रत ठेवा.

उघड्या माळावर फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटरच्या आत आणतो. पाटणादेवीसारख्या कड्यांनी वेढलेल्या जागी संदेश कड्यावर आपटून येतो आणि बाण इकडून तिकडे उड्या मारतो. अशा वेळी बाणाच्या मागे पळू नका. मोकळ्या जागी मिनिटभर स्थिर उभं राहा, आकडा बसू द्या. शेवटच्या दहा मीटरवर तर फोन खिशातच टाका आणि डोळे वापरा : कुठला दगड मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो, कुठल्या बुंध्याला ढोली आहे, मी लपवला असता तर कुठे?

फोन खिशात टाकायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, गवताने तोंड झाकलेल्या. फोनकडे बघत चालणारं पोर त्यात सरळ जाऊ शकतं. शेताच्या कडेला रानडुकरांसाठी झटका मशीनची तार असते. कुठल्याही तारेला हात लावायचा नाही, मालकाने “बंद आहे” म्हटलं तरी नाही. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. आधी काठीने चाचपायचं, मग बॅटरीने बघायचं, मगच हात. फुरसं आणि विंचू दोन्ही असतात. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळून बांधणं यातलं काही करू नका. हात-पाय हलवू न देता माणसाला झोपवा, अंगठ्या-बांगड्या काढा, १०८ ला फोन करा आणि तडक रुग्णालयात न्या. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरड नाही, धूर नाही, अत्तर-स्प्रे सकाळपासूनच नाही. सगळ्यांनी बंद बूट आणि पूर्ण पँट किंवा सलवार घालावी.

माणसांची वाटणी आदल्या दिवशीच करा. गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, वाट सांगायला शेजारी एक जण. पुढच्या गाडीने प्रत्येक वळणावर मागची दिसेपर्यंत थांबायचं. प्रत्येक गाडीतली माणसं मोजायला एक मूल नेमा, ते काम मुलं मोठ्यांपेक्षा चोख करतात. शोधायला बारा जण एकदम तुटून पडू नका, झुडपं मोडतात आणि डब्याची जागा उघडी पडते. एका वेळी तिघं, वीस मिनिटं, पुढच्या थांब्यावर दुसरे तिघं. ज्याला दिसेल त्याने ओरडायचं नाही. चार पावलं बाजूला व्हायचं आणि आधी ठरलेला एखादा शब्द म्हणायचा, म्हणजे उरलेल्या दोघांनाही शोधल्याचं समाधान मिळतं. वीस मिनिटांत नाही सापडला तर निघायचं, यावर घरातच सगळ्यांचा होकार घ्या. जागेवर “अजून पाचच मिनिटं” सुरू झालं की अख्खा दिवस कोलमडतो. वहीत बारा सह्या करू नका, लहान डब्यात कागदाची चिंधीच असते. गटाला एक नाव ठेवा आणि तेच लिहा. पेन तुमचा, सोबत पेन्सिल, कारण ओलसर कागदावर पेन चालत नाही. डब्यातली वस्तू घ्यायची तर त्याच तोलाची किंवा जास्त चांगली ठेवायची. खाऊ कधीच नाही, प्राणी डबा फोडतात.

डबे मोजके आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण तुमच्याकडे भावाचं शेत आहे. परवानगीचा प्रश्नच नाही. तुम्ही किंवा भाच्याने आदल्या दिवशी जाऊन पाच-सहा डबे लपवा, आकडे लिहून आणा आणि परतीच्या वाटेवर दुपारी तिथे खेळा. एक डबा आबांना खुर्चीवर बसून शोधता येईल असा ठेवा, एक फक्त नऊ वर्षांच्या मुलीचाच हात पोचेल असा. विहीर, मोटारीची पेटी आणि कडब्याची गंजी यांच्यापासून लांब. संध्याकाळी सगळे डबे मोजून उचला. हे घरचे डबे, ॲपवर टाकायचे नाहीत.

जेवणही तिथेच. डिसेंबर म्हणजे भरिताचा महिना, आणि ते तुम्हाला माझ्याकडून शिकायचं नाही. भावाला हिरवी वांगी आणि पऱ्हाट्या आधी सांगून ठेवा. वांगी भाजायला टाकली की पोरांचे डबे शोधून होतात आणि मिरची-लसणाचा ठेचा पडेपर्यंत सगळे हात धुऊन हजर होतात. कळण्याच्या भाकरी वहिनीच्या एकटीच्या गळ्यात घालू नका, दोघी-तिघी हाताखाली राहा आणि पुरुषांनी विस्तव सांभाळावा. सकाळसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे दोन मोठे जार. पाटणादेवीला माकडं आहेत, पिशव्या उघड्या ठेवू नका.

बायकांसाठी स्वच्छतागृहाच्या जागा आधी ठरवा. ही गोष्ट यादीत कुणी लिहीत नाही आणि मग अर्ध्या जणी दिवसभर पाणी पीत नाहीत. धुळ्याबाहेरचा पंप, चाळीसगाव, पाटणादेवीचं देवस्थान, भावाचं घर, असं क्रमाने लिहा आणि गाडीत सांगा.

चाळीसगावचा थांबा थोडा वेगळा ठेवा. रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे, तिथे त्यांचं कलादालन आहे. मुंबईतला हा माणूस चाळीसगावात राहिला, अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडला नाही आणि त्या चार भिंतींत जगाने वाखाणलेली छायाचित्रं काढली. १९८९ मध्ये ते गेले. पंजाब मेलने येणाऱ्या एका व्यक्तीची ते रोज वाट बघत, असं सांगतात. ती गाडी आणि ती गोष्ट आबांनी मुलांना सांगावी. कलादालन रविवारी उघडं असतं का ते आधी फोन करून विचारा. तिथेही डबा नको, एकच प्रश्न ठेवा : तुम्हाला कुठला फोटो आवडला आणि त्यात उजेड कुठल्या बाजूने येतो?

एक इशारा. दिवस छान गेला की शेतात किंवा गावाजवळ कायमचा डबा ठेवून तो ॲपवर जाहीर करावासा वाटेल. जरूर ठेवा, आपल्या भागाला त्याची गरज आहे. पण तो पुरायचा नाही, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर लांब हवा, जागेच्या मालकाची परवानगी हवी, आणि पावसाळ्यात वही भिजली की बदलायला जाणारं माणूस हवं. भाऊ ती जबाबदारी घेणार असेल तरच हात घाला. काळ्या मातीत जूननंतर त्या बांधापर्यंत पोचता येतं का, तेही त्यालाच विचारा.

घरी आल्यावर त्याच रात्री नोंदी टाका. जो डबा सापडला नाही त्याचीही, “शोधला, नाही मिळाला” अशी स्पष्ट. त्यावरूनच डबा लपवणाऱ्याला कळतं की एकदा जाऊन बघायला हवं. फोटो टाकताना मागच्या झाडावरून किंवा दगडावरून डब्याची जागा ओळखू येत नाही ना, ते बघून घ्या.